पारी-जीपी: सहा महिने, दोन उकली

२ च्या घातातून ३ चा घात वजा केला की ५ उरतात, असं किती वेळा होतं? ८ − ३ आणि ३२ − २७ चटकन सुचतात. तिसरी जोडी आहे का, या एका प्रश्नापायी मेअखेर भाच्याकडून लॅपटॉपवर पारी-जीपी हे संख्यांचं गणित करणारं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. मूळ फ्रान्समधल्या बोर्दोचं, फुकट. वेंगुर्ल्यात पाऊस लागला की लाईट आणि नेट दोन्ही रुसतात. हे नेटशिवाय चालतं, म्हणून टिकलं. शेजारचा बागायतदार गडग्यावरून विचारायचा, "काय सर, कितके झाले?" मी म्हणायचो, "दोनच." त्याला आंब्याच्या पेट्या वाटायच्या.

पहिला महिना नुसती हमाली केली. घातांक ५००० पर्यंत नेला, म्हणजे दीड हजार अंकी संख्या. यंत्राला घामही फुटला नाही. तिसरी जोडी नाही. पण म्हणून ती पुढेही नाही, असं थोडंच? रामानुजनांनी १९१३ मध्ये विचारलं होतं: २ च्या घातातून ७ गेले की वर्ग कधी उरतो? घातांक ३, ४, ५, ७, आणि मग एकदम १५ (३२७६८ − ७ म्हणजे १८१ चा वर्ग). यादी तिथे संपते हे गणिती नागेल यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं.

खरा उपयोग बाक्यांसाठी. २ चा घातांक ६ किंवा जास्त असेल तर ६४ ने भाग जातो, म्हणून ३ च्या घाताची बाकी ५९ हवी. ती येते फक्त घातांकाला १६ ने भागून ११ उरले तर. आता १७ ने भागा: ३ च्या त्या घाताची बाकी ७, म्हणजे २ च्या घाताची १२ हवी. पण २ चे घात १७ ने भागून १, २, ४, ८, १६, १५, १३, ९ एवढंच देतात. १२ नाहीच! सहाच्या आतले घातांक बोटांवर तपासले. दोनच. हा १७ शोधायला मला वहीत आठवडे गेले असते. इथे एका ओळीत भाजकांची रांग लावली.

तक्रार एकच: काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायच्या, माहितीपुस्तक इंग्रजीत. स्मृती भरल्याची सूचना दोनदा आली, ती माझ्याच आचरट तक्त्यांमुळे.

गणिती बेनेट यांनी २००१ मध्ये सिद्ध केलंय की पाया आणि फरक ठरलेले असले की अशा वजाबाकीला दोनपेक्षा जास्त उकली नसतात. मग बेरजेकडे वळलो, ३ चा घात आणि ५ चा घात मिळून २ चा घात कधी होतो: ३ + ५ = ८, २७ + ५ = ३२, ३ + १२५ = १२८. परवा गडग्यावरून तोच प्रश्न आला. मोहोराचा अजून पत्ता नाही, तरी मी सांगून टाकलं, "तीन."