खळीचं भूत की टोमॅटोच्या पिंजऱ्याचं?

हॅलोविनला दारात घरीच केलेलं भूत उभं करायचं म्हटलं की फिरून फिरून दोनच प्रकार समोर येतात. चीजक्लॉथ म्हणजे जाळीदार पातळ सुती कापड खळीत बुडवून फुग्यावर वाळवलेलं, नाहीतर टोमॅटोला आधार द्यायचा तारेचा पिंजरा उलटा ठेवून, त्यावर दिव्यांची माळ गुंडाळून वरून पांढरं कापड टाकलेलं. न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या दारात मी दोन्ही करून पाहिली आहेत.

दिसायला खळीचं भूत उजवं, यात वाद नाही. आई तेव्हा इकडे आली होती. दुकानातला लिक्विड स्टार्च तिला पटेना. तिने बाबांच्या धोतरांना घालायची तशीच, पण कॉर्नस्टार्चची खळ शिजवली. उंच बाटलीवर फुगा, बाजूला हातांसाठी वाकवलेली तार आणि वरून निथळतं कापड. फुग्यावर आधी किचनमधलं प्लॅस्टिक रॅप लावा, नाहीतर फुगा कापडाला चिकटतो आणि काढताना भुताच्या टाळूला खड्डा पडतो. आमच्या पडला. तरी सकाळी ते पोकळ, आरपार दिसणारं भूत कशाच्याही आधाराशिवाय उभं राहिलं तेव्हा आईसुद्धा दोन मिनिटं बघत राहिली.

पण पुढे दव आलं. पाऊस आला तर आत घेऊ असं आपण म्हणतो. दवाचं कोणी धरत नाही. न्यू जर्सीत ऑक्टोबरअखेर पहाटे गाडीच्या काचेवर पाणी साचलेलं असतं आणि खळ ते ओलं सगळं ओढून घेते. तिसऱ्या सकाळी आमचं भूत हनुवटी छातीत घालून, हात लोंबकळत पायरीवर बसलं होतं, शेवटच्या लोकलमध्ये पेंगणाऱ्या माणसासारखं. पुन्हा खळ घातली, पुन्हा बसलं. मग शाळेच्या दप्तरातला पांढरा गोंद पाण्यात कालवून पाहिला. पाण्याने धुतला की निघतो हा त्याचा गुण, नेमका तोच आड आला. ॲक्रिलिकचा स्प्रे मारल्यावर जरा तग धरला, पण गॅरेजमध्ये आठवडाभर वास. शेवटी रोज रात्री भूत उचलून घरात आणायचं आणि सकाळी बाहेर ठेवायचं, असं सुरू झालं. कोरड्या हवेच्या ॲरिझोनात राहत असाल किंवा भूत घरातच, शेल्फवर ठेवायचं असेल, तर ही कटकट तुम्हाला नसेलही.

पिंजऱ्याचं भूत दिवसा अगदीच सामान्य दिसतं, हे कबूल. हात नाहीत, चेहरा म्हणजे काळ्या फेल्टचे दोन गोल. पिंजऱ्याचे पाय वर येतात, ते एकत्र बांधून त्यांवर जुना बॉल खोचावा लागतो, नाहीतर भुताऐवजी तंबू दिसतो. वाऱ्याने कापड उडतं. लॉनमध्ये ठोकायच्या यू आकाराच्या पिना खालच्या कडीवर मारल्या की भागतं.

खरा फरक कापडाने पडतो. चादर जाड, आतला उजेड मरतो. आईने लोणच्याच्या बरण्या ज्यात गुंडाळून आणल्या होत्या, ते बाबांचं जुनं धोतर मी घातलं. वापरून इतकं विरलेलं की एलईडीचा एकेक दाणा बाहेरून मोजता यावा. काठ मुद्दाम खाली ठेवला. ट्रिक-ऑर-ट्रीटला, म्हणजे दारोदार खाऊ मागायला आलेल्या इथल्या मुलांना त्याचं काही नाही, पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या एका काकांनी बरोबर ओळखला. भिजलं तरी चिंता नाही, वाळलं की पुन्हा भूत.

शिवाय ऑक्टोबरअखेर टोमॅटो संपलेले, पिंजरा रिकामाच असतो. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी हॅलोविनच्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला होती. त्या रात्री भुताच्या डोक्यावर आकाशकंदील लटकत होता आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला भुताच्या पोटातली माळ काढून पोर्चच्या कठड्याला लावली.