स्लायडर की एकच फोटो? होमस्टेच्या साइटचं पहिलं पान

साइट करून देणारा हमखास विचारतो, "वर स्लायडर लावू ना?" स्लायडर म्हणजे एकाच जागी एकामागून एक आपोआप बदलणारे फोटो. घाईघाईत हो म्हणू नका.

मोह मला कळतो. समुद्र, अंगण, खोल्या, जेवणाचं ताट, सगळंच दाखवायचं असतं आणि जागा एकच. पण मोठी, रंगीत, आपोआप हलणारी पट्टी दिसली की डोळा तिला जाहिरात समजून वगळतो. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या साइटवरची २०१३ मधली मोजणी सांगते, की स्लायडरवर क्लिक करणारे शंभरात जेमतेम एक आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर.

ओळखीतल्या एका होमस्टेची साइट मी मावशीला उघडून दिली होती. भाडं तिसऱ्या स्लाइडवर. तिचं बोट खाली गेलं, परत वर आलं, तोवर तिथे समुद्र आला होता. "भाडं लिहिलंच नाहीये गं," म्हणत तिने फोन परत दिला.

एकाच स्थिर फोटोत विविधता जाते, हे खरं. पण तो बघितला जातो, अर्थात फोटो खरा असेल तर. कुठूनतरी उचललेल्या हसऱ्या चेहऱ्यांवरून लोक सरळ पुढे जातात. घरची, खरी माणसं मात्र निरखून बघतात. त्यातही फोटोतल्या काकू ज्या बाजूला बघत असतील, तिकडे आपलीही नजर वळते. मग भाडं आणि फोन नंबर त्याच बाजूला लिहा. फक्त भडक चौकट नको, नाहीतर तीही जाहिरातच वाटेल.

साइट करताना फोटोखालच्या मजकुराकडे कुणी लक्ष देत नाही, आणि माझा खरा आग्रह तिथेच आहे. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये वेबपानं बघणाऱ्या २३२ जणांची नजर टिपली: वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचल्या जातात, पुढे डोळा डाव्या कडेने खाली घसरतो. म्हणजे ओळीचे पहिले दोन शब्दच हाती लागतात. मराठीत आपण "आमच्या येथे राहण्याची उत्तम सोय" असं लिहितो आणि ते दोन शब्द "आमच्या येथे"वर घालवतो. "एसी खोली, नाश्ता धरून" असं लिहा. ओळींत अंतरही मोकळं ठेवा. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत अडकले की वाचणाऱ्याचा धीर सुटतो.

स्लायडर हवाच असेल, तर आतल्या फोटोंच्या पानावर ठेवा, बोटाने सरकवायचा. तिथे येणारा फोटो बघायलाच आलेला असतो. पहिल्या पानासाठी माझं मत एका फोटोला.