वर्षभर शेतांवर वापरलेला सर्क्युलर पोलरायझर

शेताचे छायाचित्र घरी येऊन पडद्यावर उघडले की बांधावर उभे राहून पाहिलेला हिरवा रंग त्यात सापडत नाही, आणि या फिकेपणाचा दोष मी कितीतरी वर्षे कॅमेऱ्याच्या माथी मारत होतो. खरा दोष पानांवरच्या चकाकीचा असतो. पिकाच्या पानावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावरून आकाशाचा पांढुरका उजेड परावर्तित होऊन पानाच्या मूळ रंगावर पसरतो. शेतात उभे असताना आपले मन त्याकडे दुर्लक्ष करते. कॅमेरा मात्र तो जसाच्या तसा नोंदवतो. गेल्या वर्षी ही चकाकी काढण्यासाठी ७७ मिलिमीटर व्यासाचा एक सर्क्युलर पोलरायझर फिल्टर घेतला आणि पेरणीपासून पुढच्या नांगरटीपर्यंत तो लेन्सवर लावून पाहिला. मध्यम दर्जाच्या बहुतेक पोलरायझरांचे काम सारखेच असल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही.

या फिल्टरमागचे तत्त्व जुने आहे. एतिएन-लुई मालुस या फ्रेंच अभियंत्याने १८०८ मध्ये पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारे मावळतीचे ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिले, तेव्हा स्फटिक फिरवताना त्यातून दिसणाऱ्या प्रतिमांचा उजेड कमीजास्त होतो आणि परावर्तित प्रकाश ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, झालेला असतो, हे त्याच्या लक्षात आले. असा प्रकाश गाळणारी पातळ फिल्म मात्र एडविन लँड यांनी पेटंटसाठी अर्ज केला त्या १९२९ सालापासूनच व्यवहारात येऊ लागली. आजच्या फिल्टरमध्ये या फिल्मच्या मागे आणखी एक थर असतो. गाळलेल्या प्रकाशामुळे कॅमेऱ्याचा ऑटोफोकस आणि प्रकाशमापन फसू नये, यासाठी तो दिलेला असतो आणि नावातला ‘सर्क्युलर’ हा शब्द त्यावरून आला आहे, गोल आकारावरून नव्हे. पुढची कडी बोटांनी फिरवत जायचे आणि हवा तो परिणाम दिसला की थांबायचे, इतकाच त्याचा वापर आहे.

या काचेचा खरा ऋतू पावसाळा. सर नुकतीच थांबलेली असावी, आकाश ढगाळच असावे आणि भाताची रोपे ओली असावीत. अशा वेळी कडी पाव फेरा फिरवली की पानांवरचा राखाडी पापुद्रा निघून जातो आणि खालचा पोपटी रंग असा वर येतो की पहिल्या दिवशी मी फिल्टर चारपाच वेळा काढून आणि पुन्हा लावून खात्री करून घेतली. ऊन नसताना पोलरायझर निरुपयोगी असतो हा समज मीही बाळगून होतो. तो आकाशाच्या निळाईपुरताच खरा आहे, कारण पानांवरची चकाकी ढगाळ दिवशीही असते, किंबहुना जास्तच असते. हा रंग संगणकावर गडद करून मिळेल का, असे अनेकजण विचारतात. तसा रंग भडक होतो, पण चकाकीखाली झाकलेल्या पानाच्या शिरा मुळात नोंदल्याच गेलेल्या नसतात. त्या नंतर कुठून आणणार?

चिखलणी करून पाणी भरलेल्या खाचरांवर मात्र हाच फिल्टर विचारात पाडतो. पाण्यावरचे परावर्तन पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहिले तर जवळजवळ पूर्ण पुसता येते. डोळ्यांची उंची दीड मीटर धरली तर पायांपासून साधारण दोन मीटरवरचे पाणी कडी फिरवताच पारदर्शक होते आणि तळाचा चिखल व रोपांची बुडे दिसू लागतात. लांबच्या खाचरांकडे नजर जवळजवळ पाण्याला लागून जाते, त्यामुळे तेथील आरसा फारसा पुसला जात नाही. एकाच चौकटीत पुढे तळ आणि मागे आकाश मिळते, ही या फिल्टरची मला सर्वांत आवडलेली करामत. मात्र पायऱ्यापायऱ्यांची खाचरे ढग घेऊन पडलेली असतात, तेव्हा ते ढग पुसणे म्हणजे दृश्यातले सौंदर्यच खोडणे होय. अशी पंचवीसेक छायाचित्रे मी उत्साहाच्या भरात वाया घालवली आहेत. इंद्रधनुष्याचेही तसेच आहे. त्याचा प्रकाश कमानीच्या रेषेत इतका ध्रुवित असतो की कडी एका बाजूला वळली तर कमानीचा तुकडा नाहीसा होतो आणि दुसऱ्या बाजूला वळली तर तोच तुकडा अधिक ठसठशीत होतो. शेतावर कमान उमटली की घाई न करता आधी कडी पूर्ण फिरवून पाहावी.

हिवाळ्यात निळे आकाश आणि फुललेली मोहरी हे दृश्य पोलरायझरसाठीच जुळवल्यासारखे असते, पण येथे सूर्याची दिशा सांभाळावी लागते. तर्जनी सूर्याकडे रोखून अंगठा काटकोनात ताणावा आणि मनगट फिरवावे. अंगठा आकाशाच्या ज्या पट्ट्यावरून जातो तेथे निळाई सर्वांत गडद होते. सूर्य थेट पाठीशी किंवा समोर असेल तर आकाशात काहीच फरक पडत नाही. सूर्यफुलांच्या शेतात हा नियम चांगलाच नडतो. पूर्ण उमललेली सूर्यफुले पूर्वेकडे तोंड करून स्थिरावतात, म्हणून सकाळी त्यांचे चेहरे उजळलेले टिपायचे तर सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि मागचे आकाश फिकेच राहते. धुक्यातही या काचेला काही काम उरत नाही, कारण धुक्यातला उजेड असंख्य थेंबांवर आपटून सगळ्या दिशांना विखुरलेला असतो. खरे तर बांधावरची झाडे एकामागून एक विरघळत जातात, त्या पहाटे फिल्टर काढून डबीत ठेवलेलाच बरा.

ओंब्या पिकल्यावर माझे मत पुन्हा दोलायमान झाले. काडीवरची चकाकी गेली की गव्हाचा रंग सोनेरीवरून तांबूस होतो, तो छायाचित्रात भारदस्त दिसतो हे खरे, परंतु वाऱ्याने शेतावरून धावणारी लाट आपल्याला दिसते ती त्या चकाकीमुळेच, आणि फिल्टर नेमकी तीच खातो. शिवाय तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश गिळतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे), म्हणजे सेकंदाच्या १/१२५ भागाऐवजी शटर जवळजवळ १/३० इतके लांबते आणि डुलणाऱ्या ओंब्या पुसट येतात. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १०० वरून ४०० वर नेऊन वेळ निभावली. कापणीनंतरच्या धसकटांवर आणि कोरड्या ढेकळांवर फरक किरकोळ पडतो. उन्हाळ्यातल्या लांबच्या टेकड्यांवरची धूसर झाक मात्र काही प्रमाणात कमी होते आणि नांगरलेल्या सऱ्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत मोजता येतात.

बांधणीबद्दल तक्रारी आहेत. मळणीच्या दिवसांत भुसा आणि धूळ कडीच्या फटीत शिरून ती करकरू लागली, ती ब्लोअरने बरीच साफ केल्यावर मोकळी झाली. एकदा फिल्टर लेन्सच्या आट्यांत इतका घट्ट बसला की कडेने रबरबँड गुंडाळून पकड मिळवावी लागली. काचेवरचा लेप पावसाचे थेंब चांगले झटकतो, बोटांचे ठसे मात्र पटकन धरतो. रंगात किंचित पिवळसर झाक येते; ती पिकांना शोभते आणि ढगांना शोभत नाही. २४ मिलिमीटरपेक्षा कमी केंद्रांतराच्या, म्हणजे फार रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर आकाशाच्या मधोमध गडद पट्टा उमटतो आणि तो नंतर दुरुस्त करणे कटकटीचे असते, परंतु हा दोष या फिल्टरचा नसून आकाशातला प्रकाशच सगळीकडे सारखा ध्रुवित नसल्याचा आहे.

विकत घेताना खऱ्याखोट्याची एक सोपी पारख करता येते. आट्यांची बाजू डोळ्याकडे धरून फिल्टरमधून एखाद्या एलसीडी पडद्याकडे पाहावे आणि कडी फिरवावी. एका स्थितीत पडदा जवळजवळ काळा पडला पाहिजे. नुसता करडा होऊन थांबला तर तो फिल्टर परत करावा. घरात निरनिराळ्या व्यासाच्या लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच फिल्टर आणि लहान लेन्ससाठी जोडकड्या घेणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे. पिके, पाणी आणि ओली माती यांची छायाचित्रे नियमित काढणाऱ्याने हा फिल्टर अवश्य घ्यावा. पहाटेच्या धुक्याच्या किंवा मावळतीला सूर्यासमोर ठेवलेल्या कुसळांच्या मागे जाणाऱ्याने तोच खर्च एखाद्या चांगल्या तिपाईवर करावा. माझ्या पिशवीत दोन्ही असतात, आणि गेल्या आठवड्यात, पहिल्या सरीनंतर सऱ्यांमध्ये पाणी साचलेले पाहून मी फिल्टर डबीतून काढला, कडी एकदा फिरवली आणि पुन्हा डबीत ठेवून दिला.