कुत्र्याच्या कानासाठी घेतलेले सफाईचे द्रावण: चार महिन्यांच्या वापरानंतर

आमची लॅब्रॉडर जिनी सात वर्षांची आहे. गेल्या जुलैत नागपुरात पावसाची झड लागलेली असताना ती सारखे डोके झटकू लागली, आणि एका रात्री उजव्या कानाला हात लागताच केकाटून दिवाणाखाली जाऊन बसली. कानाला आंबूस वास येत होता आणि पाळ आतून लालबुंद झाली होती. घरच्या सवयीप्रमाणे आम्ही लसूण घालून कढवलेले तेल कोमट करून कानात सोडले, ही आमची मोठी चूक होती. जवळच्या एका दवाखान्यात कानात न डोकावताच थेंब लिहून मिळाले. आठवडाभर बरे वाटले आणि त्रास पुन्हा उलटला.

दुसऱ्या पशुवैद्यांनी दुर्बिणीने कानाचा पडदा तपासला, कापसाच्या काडीवर घेतलेला मळ काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि भुईमुगाच्या शेंगेसारख्या दिसणाऱ्या यीस्ट या बुरशीच्या पेशी आम्हालाही दाखवल्या. पडदा शाबूत असल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी थेंब आणि हे द्रावण लिहून दिले. पडदा फाटलेला असेल, तर काही औषधे आतल्या कानापर्यंत पोहोचून कुत्र्याला कायमचे बहिरेपण येऊ शकते. म्हणूनच हे द्रावण चांगले असले, तरी कान तपासून घेण्याआधी ते कोणीही विकत आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१०० मिलिलिटरची बाटली मला ४१० रुपयांना पडली. त्यात सॅलिसिलिक आम्ल आणि लॅक्टिक आम्ल आहे. ही दोन्ही मळ सैल करतात आणि कान कोरडा राहायला मदत करतात. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, त्यामुळे ओल आणि मळ त्या वळणावर अडकून राहतात आणि वरवर पुसून काहीच साधत नाही. कानकाडीने तर मळ आणखी आत ढकलला जातो.

पहिले तीन दिवस डॉक्टरांनी सफाई करूच दिली नाही. आधी सूज आणि ठणका उतरू द्या, असे सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नका, अशी ताकीदही दिली. चौथ्या दिवसापासून मी बाटली पाच मिनिटे तळहातांत धरून कोमट करू लागले, कारण गार द्रव कानात पडला की जिनी दचकत असे. पाळ वर धरून कान भरायचा, मुळाशी अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळायचे, आतून पचपच असा आवाज आला की हात काढून तिला मनसोक्त डोके झटकू द्यायचे आणि बोट जाईल तेवढ्याच खोलीपर्यंत कापसाने टिपायचे. पहिल्या दिवशी कापसावर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी मळ आला. दहाव्या दिवशी कापूस जवळजवळ पांढरा होता. थेंब मात्र सफाईनंतर १५ मिनिटांनी घालायचे होते.

द्रावणाला वास नाही आणि ते चिकट राहत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. मात्र बाटलीची तोटी नको तितकी कडक आहे. जिनीने मान हिसडली तेव्हा ती दोनदा कानात टोचली, म्हणून आता मी द्रव कापसाच्या बोळ्यावर घेऊन कानात पिळते. वेष्टनावरची माहिती केवळ इंग्रजीत आणि अतिशय बारीक अक्षरांत आहे, आणि पडदा तपासून घ्यावा ही सूचना त्यात कोठेही नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण हे द्रावण दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते.

वास गेला म्हणून औषध थांबवू नये. तिसऱ्या आठवड्यात जिनीचा कान वरून स्वच्छ दिसत होता, तरी काचपट्टीवर यीस्ट उरलेले आढळले आणि थेंब आणखी दहा दिवस चालू ठेवावे लागले. अशा तपासणीसाठी सेमिनरी हिल्सला १९५८ पासून चालत आलेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. कुत्र्याची मान एकीकडे कलली, चालताना तोल जाऊ लागला किंवा पाळ फुग्यासारखी सुजली, तर घरी काहीही न घालता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. जिनीच्या दुखण्यामागे ॲलर्जी असल्याचा डॉक्टरांना संशय आहे, त्यामुळे सध्या तिचा आहार बदलला आहे आणि हे द्रावण आठवड्यातून एकदा, तसेच प्रत्येक आंघोळीनंतर, चालू आहे.