‘नेटवर्क फी’च्या नावाखाली वॉलेटनेच पैसे कापले, तुमचंही तपासून पाहा

क्रिप्टो पाठवताना फी अवाच्या सवा गेली की बहुतेक जण दोनच कारणं धरून चालतात. एक तर नेटवर्कवर गर्दी असेल, नाहीतर पाठवणाऱ्याने कुठेतरी आकडा चुकवला असेल. तिसरं कारण सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही: पैसे वॉलेटच्या ॲपनेच उचलले आणि नाव नेटवर्कचं पुढे केलं. माझ्या बाबतीत हेच झालं. हे पकडायला कुठलंही खास ज्ञान लागत नाही, फक्त बघायचं कुठे ते माहीत हवं. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

ॲप ओळखीतल्या एकाने ग्रुपवर सुचवलं होतं. दिसायला देखणं, अभिप्राय चांगले. (सुचवणाऱ्याला प्रत्येक नव्या ग्राहकामागे कमिशन मिळत होतं हे पुढे कळलं. आतली भानगड त्यालाही माहीत नसावी, असं मी अजून तरी मानतो.) वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द लिहून घ्या, कोणाला दाखवू नका, वगैरे सगळं रीतसर झालं. एक्स्चेंजवरून बिटकॉइन त्यात घेतले, ते पूर्ण आले. पैसे आत घेताना असलं ॲप सहसा गडबड करत नाही. गडबड बाहेर पाठवताना असते.

पाठवण्याच्या स्क्रीनवर घेणाऱ्याचा पत्ता, रक्कम आणि त्याखाली एकच ओळ होती, ‘नेटवर्क फी: ०.००१८६ बिटकॉइन’. धीमी, मध्यम आणि जलद अशी तीन बटणं, पण पहिली दोन फिकट आणि बंद. शेजारी बारीक अक्षरात, नेटवर्कवर ताण असल्याने हे पर्याय सध्या मिळणार नाहीत. आकडा मोठा होता, पण अशक्य वाटावा असा नव्हता. बिटकॉइनची फी खरंच उसळते. एप्रिल २०२४ मध्ये हाविंग झालं (नवे बिटकॉइन तयार होण्याचा वेग निम्मा झाला) त्या ८,४०,००० व्या ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यात, जागा मिळवण्यासाठी लोकांनी मिळून ३७ बिटकॉइनपेक्षा जास्त फी मोजली होती. आणि घाई असेल तर जास्त द्या, हा तर नेटवर्कचा मूळ नियमच आहे. अशा चोरांना आडोसा मिळतो तो याच खऱ्या गोष्टीचा.

पैसे पोचले की नाही ते बघायला व्यवहार-क्रमांक ब्लॉक एक्स्प्लोररमध्ये, म्हणजे प्रत्येक व्यवहार उघड दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकला. पोचले होते. पण उजवीकडच्या रकान्यात तीन आउटपुट (पैसे जिथे जिथे गेले त्या नोंदी) दिसत होते. पहिलं घेणाऱ्याचं, रक्कम अचूक. दुसरं माझ्याच वॉलेटमध्ये परत आलेली उरलेली रक्कम. तिसरं कोणाचं? पत्ता अनोळखी, रक्कम १,८३,९३६ सातोशी (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी). आणि खाली एक्स्प्लोररने दाखवलेली खरी फी होती फक्त २,०६४ सातोशी, म्हणजे प्रति व्ही-बाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) १२. दोन्हींची बेरीज केली तर बरोब्बर १,८६,०००. स्क्रीनवरची ‘नेटवर्क फी’ सातोशीपर्यंत जुळली. त्यातला जेमतेम एक टक्का नेटवर्कला गेला होता आणि बाकीचा त्या तिसऱ्या पत्त्यावर.

त्या पत्त्यावर क्लिक केलं, तर खाली एकामागोमाग एक तसेच व्यवहार. पाठवणारे वेगवेगळे, पण साचा तोच: घेणारा, उरलेली रक्कम आणि हा तिसरा भागीदार.

हे इतकं सहज का जमतं, ते समजून घ्यायला हवं. बिटकॉइनच्या व्यवहारात फीसाठी वेगळा रकानाच नसतो. किती आले ते इनपुट, किती कोणाला गेले ते आउटपुट आणि दोन्हींमधला फरक म्हणजे फी. तो फरक ब्लॉक बनवणारा मायनर घेतो. दुकानात मोठी नोट देऊन सुटे परत घ्यायला विसरावं तसं आहे हे. तुम्ही मागितले नाहीत ते गल्ल्यात गेले. म्हणून चुका होतात तेव्हा भयंकर होतात. एप्रिल २०१६ मध्ये कोणीतरी एका किरकोळ व्यवहारावर २९१ बिटकॉइन फी भरली. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या कंपनीच्या सर्व्हरवरून साधारण २,००० डॉलरचे बिटकॉइन पाठवताना जवळजवळ २० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे पाच लाखांहून जास्त डॉलर, फी गेली. तो ब्लॉक एफटूपूल या मायनरांच्या गटाने (पूलने) काढला होता आणि त्यांनी रक्कम परत केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका पत्त्यावरून १३९ बिटकॉइन निघाले आणि त्यातले ८३ हून जास्त फीमध्येच संपले. आपलं वॉलेट हॅक झालं होतं, असं त्याच्या मालकाचं म्हणणं होतं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. खरी फी, ती चुकून गेलेली असो वा मुद्दाम भरलेली, मायनरला जाते आणि एक्स्प्लोररवर ‘फी’ म्हणूनच दिसते. ती कुठल्याही पत्त्यावर आउटपुट म्हणून पाठवावी लागत नाही. पत्त्यावर गेलं ते पेमेंट, मग त्याला नाव काहीही द्या.

ॲपच्या मदतकेंद्राला स्क्रीनशॉट आणि व्यवहार-क्रमांक पाठवला. उत्तर आलं की नेटवर्क फी मायनर ठरवतात, त्यावर आमचं नियंत्रण नसतं. वाक्य वरवर खरं वाटतं, म्हणून तर जास्त राग आला. तिसऱ्या आउटपुटबद्दल पुन्हा विचारलं, तर तेच उत्तर, शब्दही न बदलता. थेट ‘ही आमची सेवा फी आहे’ असं त्यांनी म्हटलं असतं तर मी महागडं ॲप म्हणून शिव्या दिल्या असत्या, चोर म्हटलं नसतं. एक्स्चेंजही पैसे काढताना ठरावीक रक्कम घेतात आणि ती बहुतेक वेळा नेटवर्कच्या खऱ्या खर्चाहून जास्त असते, कारण ते अनेकांचे व्यवहार एकत्र बांधून पाठवतात. पण ते आधी दर लावून ठेवतात. पटलं नाही तर दुसरीकडे जाता येतं.

आता दुसरा अंक. हा प्रकार मी ग्रुपवर टाकला आणि थोड्याच वेळात एका ‘रिकव्हरी तज्ज्ञा’चा खासगी संदेश आला. भाषा अदबीची, माहिती पक्की. एफटूपूलने पॅक्सोसला पैसे परत केले ती घटना त्याने तारखेसकट सांगितली. तुमची केसही तशीच आहे, पूलशी आमचं बोलणं असतं, म्हणाला. मी मुद्दाम बोलत राहिलो. आधी त्याने व्यवहार-क्रमांक घेतला, मग ‘तुमचा परतावा मंजूर झालाय’ म्हणून एक छापील दिसणारं पत्र पाठवलं. शेवटी मुद्द्यावर आला: परतावा सोडण्यासाठी गॅस म्हणून, म्हणजे इथेरियम नेटवर्कची फी म्हणून, थोडे इथर (तिथलं नाणं) एका पत्त्यावर पाठवायचे. बिटकॉइनच्या परताव्याला इथरचा गॅस! बिटकॉइनच्या नेटवर्कवर फी बिटकॉइनमध्येच जाते, दुसरं नाणं तिथे चालतच नाही. हे विचारल्यावर महाशय पटकन दुसऱ्या वाटेने आले, एका लिंकवर ‘वॉलेट सिंक’ करायचं आणि त्यासाठी बारा शब्द भरायचे. तिथे मी थांबलो.

परताव्याच्या आशेवर असलेल्यांनी एवढं लक्षात घ्या, पूल पैसे परत करतोच असं नाही. जून २०२० मध्ये ३५० इथर पाठवणाऱ्या एका व्यवहारावर १०,६६८ इथर फी गेली. इथरमाइन या पूलने खरा मालक कोण याची काही दिवस वाट पाहिली आणि मग रक्कम आपल्या मायनरांमध्ये वाटून टाकली. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये डिव्हर्सिफाय या एक्स्चेंजच्या व्यवहारात ७,६७६ इथर फी गेली होती, त्यातले ७,६२६ त्या मायनरने परत केले. दोन्हीकडे निर्णय ज्याच्या हातात पैसे पडले त्याचा होता, मधल्या कुठल्या एजंटचा नव्हे. इथेरियमवर आणखी एक गुंता आहे. ऑगस्ट २०२१ पासून फीचा मूळ भाग कायमचा जाळला जातो आणि फक्त वरची बक्षिशी ब्लॉक बनवणाऱ्याला मिळते. जळलेले इथर कोणीच परत देऊ शकत नाही. आणि माझ्या प्रकरणात तर पूलकडे गेलेच होते अवघे २,०६४ सातोशी. त्याने ‘मंजूर’ केलेला परतावा होता १,८६,००० चा!

ग्रुपवर एकाने सांगितलेला प्रकार मला या दोन्हींपेक्षा धूर्त वाटतो. ‘मी नवीन आहे, माझ्या वॉलेटमध्ये यूएसडीटी आहेत, बाहेर कसे काढू?’ असं विचारत कोणीतरी चक्क बारा शब्द उघड लिहून टाकतो. वाचणाऱ्याला वाटतं, काय मूर्ख माणूस आहे. वॉलेट उघडून बघतो तर ट्रॉन नावाच्या नेटवर्कवर खरोखर यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं नाणं) पडलेले असतात, फक्त फीसाठी टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) नसतात. ट्रॉनवर यूएसडीटी हलवायला टीआरएक्स लागतात हे खरंच आहे, आणि घेणाऱ्याच्या पत्त्यावर आधी यूएसडीटी नसतील तर जवळपास दुप्पट लागतात. म्हणून तो स्वतःचे टीआरएक्स तिथे पाठवतो. पण यूएसडीटी हाताला लागतच नाहीत. त्या खात्याची परवानगी आधीच दुसऱ्या किल्लीच्या नावावर बदलून ठेवलेली असते. बारा शब्दांनी शिल्लक दिसते, पण त्या शब्दांची सही नेटवर्क स्वीकारत नाही. तुम्ही टाकलेले टीआरएक्स खरा मालक काढून नेतो आणि यूएसडीटी पुढच्या गिऱ्हाइकासाठी तसेच राहतात. इथे फसणाऱ्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, कारण तोही दुसऱ्याचे पैसे उचलायलाच गेलेला असतो. पण युक्ती तीच आहे, खऱ्या नियमाच्या आडून पैसे भलत्या पत्त्यावर वळवायचे.

तुमच्या ॲपचं काय, ते बघायला जुना कुठलाही व्यवहार काढा. बिटकॉइन असेल तर मेमपूल डॉट स्पेससारख्या एक्स्प्लोररवर व्यवहार-क्रमांक टाका आणि उजवीकडचे आउटपुट मोजा. एकालाच पाठवलं असेल तर घेणारा आणि तुमचे सुटे, एवढेच दोन असायला हवेत. सुटे उरलेच नसतील तर एकच. जास्तीचा दिसला तर तो कोणाचा, ते ॲपला लेखी विचारा. तिथेच त्या ब्लॉकमधल्या इतरांनी प्रति व्ही-बाइट किती भरलं तेही दिसतं, त्याच्याशी आपला दर ताडून बघा. फी रकमेवर नाही, व्यवहाराच्या आकारावर ठरते. म्हणून ‘रकमेच्या दीड टक्का नेटवर्क फी’ असं कोणी लिहिलं असेल तर ती नेटवर्कची नाही हे तिथल्या तिथे समजा. हाच नियम चाचणीसाठी छोटी रक्कम पाठवणाऱ्यांनाही महाग पडतो, कारण छोट्या रकमेलाही फी जवळपास तेवढीच बसते. तरी मी चाचणी करतोच.

हार्डवेअर वॉलेट (किल्ली सांभाळणारं छोटं वेगळं यंत्र) असेल तर त्याच्या छोट्या पडद्यावर येणारं सगळं वाचा. तुमचे सुटे ते ओळखतं, बाकीचं प्रत्येक आउटपुट ते दाखवून मंजुरी मागतं. माझ्या व्यवहारातला तिसरा पत्ता तिथे लपला नसता. स्पॅरो किंवा इलेक्ट्रमसारखी वॉलेट पाठवण्याआधीच सगळे इनपुट-आउटपुट समोर मांडतात. फक्त ती मूळ ठिकाणाहूनच घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांना पैसे पाठवायच्या ऐन क्षणी ‘अपडेट करा’ असा संदेश दाखवून खोटं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं गेलं होतं.

अशा ॲपमध्ये पैसे अडकले असतील तर त्याच ॲपमधून बाहेर काढू नका, जाता जाताही ते कापून घेईल. बारा शब्द नेहमीच्या प्रमाणित पद्धतीचे असतील तर तेच शब्द विश्वासाच्या वॉलेटमध्ये भरा. शिल्लक दिसली की तिथून लगेच, नव्याने बनवलेल्या दुसऱ्या बारा शब्दांच्या वॉलेटवर सगळं हलवा. जुने शब्द त्या ॲपने पाहिलेले आहेत, त्यामुळे ते पुन्हा कशासाठीही वापरायचे नाहीत. माझी उरलेली रक्कम मी अशीच सोडवली आणि त्या वेळी फक्त खरी फी गेली.

तक्रार करायची असेल तर मंजुरीच्या स्क्रीनचा फोटो आधी काढून ठेवा. मी तक्रार केल्यानंतरच्या आवृत्तीत ‘नेटवर्क फी’ची ओळ बदलून ‘फी’ एवढीच झाली आहे. तिसऱ्या पत्त्यावरचे पैसे पुढे एका एक्स्चेंजच्या पत्त्यावर जाताना दिसतात. त्या एक्स्चेंजला कळवल्यावर, ग्राहकाची माहिती आम्ही फक्त पोलिसांच्या मागणीवरून देतो, असं उत्तर मिळालं. म्हणून सायबर पोलिसांकडे दिलेल्या अर्जात व्यवहार-क्रमांक, तिसरा पत्ता आणि एक्स्चेंजकडे गेलेले पुढचे व्यवहार असं तिन्ही जोडलं आहे. हे सगळं हाताने टाइप करू नका, कॉपी करून चिकटवा आणि चिकटवल्यावर पहिली व शेवटची अक्षरं जुळवून बघा.