मज्जारज्जूची गाठ: लगेच ऑपरेशन की थोडं थांबायचं?

एमआरआयच्या रिपोर्टात गाठ दिसली की घरचे आधी ‘कॅन्सर आहे का’ विचारतात. ऑपरेशनचं ठरवताना त्याआधीचा प्रश्न असा: गाठ मज्जारज्जूच्या बाहेर आहे की आत?

रज्जूच्या बाहेर, पण तिच्याभोवतीच्या आवरणाच्या आत राहून रज्जूला रेटणारी गाठ बहुधा मेनिंजिओमा नाहीतर श्वॅनोमा असते. दोन्ही सहसा साध्या, हळू वाढणाऱ्या आणि बऱ्याचदा पूर्ण निघणाऱ्या. त्रास सुरू झाला असेल तर इथे फार घोळ घालू नये. मात्र दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये छोटी गाठ सापडली आणि त्रास काहीच नसेल, तर ठरावीक काळाने एमआरआय करत थांबणंही रास्त आहे.

आतल्या गाठीचं गणित अवघड. मोठ्या माणसांत इथे एपेंडायमोमा सर्वांत जास्त, त्यामागे अ‍ॅस्ट्रोसायटोमा. एपेंडायमोमाची कड बहुधा वेगळी सापडते, म्हणून ती पूर्ण काढायचा प्रयत्न होतो. साधी गाठ पूर्ण निघाली तर सहसा रेडिएशनही लागत नाही. अ‍ॅस्ट्रोसायटोमा बहुतेकदा रज्जूतच मुरलेली. तिथे अनेकदा बायोप्सी किंवा जमेल तेवढीच गाठ काढतात, पुढे गरजेप्रमाणे रेडिएशन. ‘सगळी काढा’ असा हट्ट इथे पायांवर बेतू शकतो.

आतल्या गाठीसाठी रज्जूला मागून, मधोमध चीर द्यावी लागते. पाय कुठे आहे याची जाणीव मेंदूकडे नेणारे तंतू नेमके तिथेच. त्यामुळे ऑपरेशननंतर ताकद असूनही डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. बऱ्याच जणांचं हे हळूहळू सुधारतं, काहींचं थोडं राहतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ऑपरेशन फसलं असंच वाटतं.

मग थांबून पाहावं का? पाय लुळे पडेपर्यंत तर मुळीच नाही. ऑपरेशनला जाताना माणूस कितपत चालत होता, यावर नंतरचं चालणं बरंचसं ठरतं. आपल्याकडचे डॉक्टर चप्पल निसटते का विचारतात, आणि निसटलेली कळते का तेही. कळत असेल तर ताकद कमी झालेली, कळत नसेल तर संवेदना. दोन्हींपैकी काहीही वाढत असेल तर तारीख पुढे ढकलू नका. लघवी तुंबली किंवा पाय झपाट्याने कमजोर झाले, तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठायची.

सर्जनना दोन गोष्टी जरूर विचारा: अशा गाठी तुम्ही नेहमी काढता का, आणि ऑपरेशन चालू असताना नसांचे सिग्नल तपासणारं मॉनिटरिंग असेल का? आतल्या गाठीसाठी दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर मी दुसरं हॉस्पिटल शोधेन.