कारागृहात काय सुरू करावं: भजन मंडळ की कवितेचा वर्ग?

कारागृहात आठवड्यातून एकदा वर्ग घ्यायची परवानगी मिळेल असं दिसू लागलं की संस्थेपुढे पहिला प्रश्न येतो: पेटी-पखवाज न्यायचा की वह्या-पेनं? बहुतेक जण आपल्याकडे शिक्षक कोण आहे ते पाहून ठरवतात. खरं तर समोर कोण बसणार आहे ते आधी विचारायला हवं.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकडेवारीनुसार 2022 अखेर देशात 5,73,220 बंदी होते. त्यातले 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे चारांतले तिघे कच्चे कैदी. आज वर्गात बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात कोर्टाच्या तारखेला गेलेला असतो, नाहीतर जामिनावर सुटलेला, नाहीतर दुसऱ्या कारागृहात हलवलेला. बारा आठवड्यांचा सलग अभ्यासक्रम इथे टिकत नाही. चौथ्या आठवड्याला निम्मे चेहरे नवे, आणि शिक्षक पुन्हा पहिल्या धड्यावर. सिद्धदोष, म्हणजे शिक्षा झालेल्या बंद्यांचं उलट असतं. पाच-सात वर्षं हाताशी असतात आणि दर आठवड्याला तेच ते केलं तर ते कंटाळतात.

म्हणून ढोबळ नियम असा: गर्दीच्या, न्यायाधीन बंद्यांच्या कारागृहात गाणं, सिद्धदोषांच्या यार्डात किंवा खुल्या कारागृहात कविता. आता यातले खाचखळगे.

भजनाची मोठी सोय म्हणजे अर्ध्यातून आलेल्यालाही जागा मिळते. धृपद दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तो म्हणतो. वाचता यावं लागत नाही, आणि देशभरातल्या बंद्यांत निरक्षर आणि दहावीच्या आत शाळा सुटलेले मिळून निम्म्याहून जास्त भरतात, तेव्हा ही सोय छोटी नाही. इंग्लंडमधल्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या संस्थेने 2003 पासून तिथल्या तुरुंगांत गमेलान हे इंडोनेशियाचं सामूहिक वाद्य नेलं, त्यामागेही हेच गणित आहे: कुणालाच आधी येत नाही, सगळे एकदम सुरू करतात. आपल्याकडे टाळ ते काम करतो. शिवाय भजन प्रशासनाला नवं नाही. 2022 मध्ये राज्यातल्या कारागृहांची अभंग-भजनाची आंतरकारागृह स्पर्धाही झाली. त्यामुळे भजनाच्या अर्जावर शंका कमी निघतात.

पंचवीस जणांसाठी एक साडेतीन सप्तकांची पेटी, एक पखवाज किंवा ढोलकी आणि टाळांचे दहा जोड पुरतात. घोळ होतो तो वाद्य लावताना. तबल्या-पखवाजाला हातोडी लागते आणि हातोडी गेटवरच अडते. वाद्य बाहेर लावून आणलं तरी पावसाळ्यात आत पोचेपर्यंत उतरलेलं असतं. म्हणून दोरीची, कड्यांची ढोलकी बरी, ती हाताने चढते. पखवाज नेलाच तर धुमेला, म्हणजे त्याच्या खर्जाच्या बाजूच्या पुडीला, लावायची कणीक लागेल. ती स्वयंपाकगृहातून मिळेल का, हे आधी विचारा, आणि वर्ग संपला की खरवडून काढा; राहिली तर कोठीतले उंदीर पुडीच कुरतडतात. वीणा, एकतारी, गिटार यांच्या धातूच्या तारांवर सुरक्षा विभाग हरकत घेतो, आणि ती रास्त आहे. सुटी तार बराकीत गेली तर ती कुणाच्या तरी गळ्याशी जाऊ शकते, कधी स्वतःच्याच. टाळाची दोरीही आखूडच ठेवावी.

सूर काळी एक किंवा काळी दोनवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या पट्टीवर धरावा. वारकरी फडात ऐकलेल्या उंच पट्टीवर पुरुषांचा नवशिका गट ओरडायला लागतो आणि दुसऱ्या गाण्याला घसे बसतात. महिला कारागृहात पट्टी वर न्यावी लागते, आणि तिथे भजनाइतक्याच जात्यावरच्या ओव्याही चालतात.

भजनाचा खरा दोष वाद्यात नाही. बराकीत सगळे विठ्ठलाचे नसतात. मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, आदिवासी बंदी बाजूला बसून राहतात, आणि ‘सुधारणा’ म्हणजे टाळ वाजवणं असा अर्थ आपसूक बनतो. भीमगीत, कव्वाली, पोवाडा, ज्याच्या गावचं जे असेल ते, पहिल्याच महिन्यात यादीत आलं नाही तर नंतर येत नाही. तळोजा, ठाणे, आर्थर रोड इथे तर निम्मा गट हिंदीतच बोलेल.

कवितेचा खर्च नगण्य: वही, पेन, फळा. स्पायरलची वही नको, तिच्यातही तार असते. पण कविता माणूस जास्त मागते. गटात बारापेक्षा जास्त नकोत, कारण प्रत्येकाचं वाचून व्हायला हवं. शिक्षकाला दुरुस्तीचा मोह आवरावा लागतो. आणि निरक्षर बंद्यासाठी लिहून घेणारा सोबती लागतो. तो सोबती दुसरा बंदी असेल तर गुपित गुपित राहत नाही.

कवितेतला मोठा धोका कायद्याचा आहे. वही झडतीत वाचली जाते, बाहेर जाणारा कागद कार्यालयातून जातो. न्यायाधीन बंद्याला ‘तुझ्या गुन्ह्याबद्दल लिही’ हा विषय कधीही देऊ नये. त्याने भावनेच्या भरात लिहिलेली ओळ त्याच्याच खटल्यात फिरू शकते. अमेरिकेत रॅप गाण्यांच्या ओळी आरोपींविरुद्ध पुरावा म्हणून वापरल्या गेल्या, इतक्या की कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये त्यावर बंधन घालणारा कायदा केला. आपल्याकडे ते संरक्षण गृहीत धरू नका. विषय असे द्या: गावची वेस, आईचा आवाज, पहिला पगार, पाऊस. जड गोष्ट यायची तर याच वाटेने येते.

पण कविता जे करते ते भजन करत नाही. भजनात माणूस गर्दीत मिसळतो. कवितेत त्याला ‘मी’ म्हणावं लागतं. लिहितं होण्याची सवय पुढे इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासाकडे नेऊ शकते. शैक्षणिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर माफीचे दिवस, म्हणजे शिक्षेत सूट, मिळण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. मात्र कवितेच्या किंवा भजनाच्या हजेरीवर माफी मिळेल असं तोंडी आश्वासन शिक्षकाने देऊ नये. तसा शब्द दिला गेला की वर्गात पन्नास जण येतात आणि चार आठवड्यांनी कुणीच येत नाही.

ठरत नसेल तर अभंगावरून सुरुवात करा. मोठ्या अभंगाचा साचा 6-6-6-4 अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. जोडाक्षर एकच धरायचं, बोटांवर मोजायचं, कागद लागत नाही. ओळखीच्या चालीवर महिनाभर गायल्यावर त्याच मापात स्वतःची ओळ बसवायला सांगा. उदाहरणार्थ:

पहाटे गिनती
रांगेत राहिलो
आकडा जाहलो
नाव गेले

अक्षरं मोजली की चूक कुठे आहे ते शिक्षकाने सांगावं लागत नाही, चाल अडखळते तिथे गट स्वतःच पकडतो. निरक्षर माणूसही इथे मागे पडत नाही. माझ्या मते न्यायाधीन आणि सिद्धदोष मिश्र असलेल्या कारागृहासाठी हीच वाट सर्वांत शहाणपणाची.

तिसरा पर्याय रेडिओचा. हरियाणात पानिपतच्या कारागृहात 2021 च्या जानेवारीत बंद्यांचा रेडिओ सुरू झाला. येरवड्यातही असा प्रयोग झाला. टाळाबंदीनंतर, म्हणजे संध्याकाळी बराकींना कुलूप लागल्यावरही, आत आवाज पोचतो, हे त्याचं वैशिष्ट्य. पण वायरिंग, ध्वनिमुद्रणाची खोली आणि रोजचा मजकूर तपासणारा अधिकारी लागतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या संस्थेचं ते काम नाही.

वर्गाची वेळ ठरवताना दुपारी बराकी बंद असण्याची वेळ, साधारण बारा ते तीन, आणि संध्याकाळची टाळाबंदी टाळा. सकाळी कोर्टाच्या गाड्या निघतात, म्हणून न्यायाधीन गटासाठी तीननंतरचीच वेळ. गेटवरची नोंद आणि झडती यांत अर्धा तास धरा. दोन तासांची परवानगी असेल तर वर्ग दीड तासाचा. अर्ज अधीक्षकांकडे, प्रत पुण्याच्या कारागृह व सुधारसेवा मुख्यालयाला, आणि येणाऱ्या प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी. वाद्यांची यादी दोन प्रतींत, नगांसह: टाळ जोड 10, म्हणजे नग 20. बाहेर पडताना एकोणीस भरले तर सगळा गट जागच्या जागी थांबतो.